आठवण शाबूत, भरवसा गहाळ

तंजावरहून पट्टुकोट्टैच्या रस्त्याला लागलं की भातखाचरं आणि नारळीच्या बागा मागे टाकत ओरत्तनाडु येतं. मराठी माणसाला हे गाव ठाऊक असतं ते मुक्तांबाळ छत्रामुळे. दुसऱ्या सरफोजीराजांनी 1802 मध्ये आपल्या प्रेयसीच्या, मुक्तांबाळच्या नावानं ते उभारलं आणि गावालाही मुक्तांबाळपुरम असं नाव पडलं. वाटसरूला जेवण, मुलांना शिक्षण आणि आजाऱ्याला औषधपाणी ही कामं तंजावरची छत्रं करत असत. याच राजाच्या काळात डोळ्यांच्या रुग्णांची हकिगत आणि त्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रं कागदावर उतरवली गेली. ते कागद तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात जपून ठेवले आहेत. उपचार करण्याआधी नीट बघावं आणि जे दिसलं ते लिहून ठेवावं, ही शिस्त या मातीत दोनशे वर्षं जुनी आहे.

मी चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ. लग्न होऊन तंजावरला आले आणि ओरत्तनाडु भागातल्या रुग्णांच्या स्मरणशक्तीच्या, विचारशक्तीच्या चाचण्या घेण्याचं काम माझ्याकडे आलं. त्यात ओसीडीचे, म्हणजे आपण ज्याला मंत्रचळ म्हणतो त्या आजाराचे रुग्ण बरेच. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तमिळनाडू होतं. त्या सर्वेक्षणानुसार हा आजार शंभरात एकाहून थोड्या कमी माणसांना असतो. म्हणजे एखाद्या मोठ्या गावात तो काही घरांत असणारच, फक्त बाहेर कोणी बोलत नाही. या कामातून जे उमगलं ते इथे क्रमानं लिहिते आहे. कुणाची ओळख पटू नये म्हणून रुग्णांचे तपशील बदलले आहेत.

1. ‘मला विसरायला होतं’ ही तक्रार आहे, निदान नव्हे.

एक शेतकरी आले. वय पन्नाशीच्या आत, भाताची शेती, विहिरीवर मोटर. रात्री मोटर बंद केली की नाही हे पाहायला ते घरातून पुन्हा पुन्हा उठत. विजेरी घ्यायची, बांधावरून चालत जायचं, स्टार्टरचं लाल बटण दाबून बघायचं, परत यायचं आणि अंथरुणाला पाठ टेकते न टेकते तोच पुन्हा उठायचं. बायको म्हणाली, “डॉक्टरम्मा, यांची आठवण गेली. यांच्या वडिलांचंही म्हातारपणी असंच झालं होतं.”

मी त्यांना विचारलं, काल रात्री पहिल्यांदा गेलात तेव्हा काय झालं ते सांगा. त्यांनी सगळं सांगितलं. बांधावर चिखल होता, पेटीच्या झाकणावर पाल होती, बटण दाबल्यावर आवाज थांबला, शेजारच्या शेतातली मोटर मात्र चालू होती. आठवण गेलेला माणूस असं सांगत नाही. मग पंधरा शब्दांची यादी पाच वेळा वाचून दाखवायची चाचणी घेतली. मध्ये दुसरी यादी दिली, थोडा वेळ जाऊ दिला आणि पहिल्या यादीतले शब्द विचारले. त्यांच्या वयाच्या आणि शिक्षणाच्या माणसाला जितके आठवावेत तितके त्यांना आठवले. फक्त प्रत्येक शब्दानंतर ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

2. आठवण एका खात्यात मोजावी, तिच्यावरचा भरवसा दुसऱ्या.

नेदरलँड्समधल्या मार्सेल व्हॅन डेन हाउट आणि मेरेल किंड्ट यांनी 2003 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. आजार नसलेल्या लोकांना त्यांनी संगणकावरच्या गॅसच्या शेगड्या पुन्हा पुन्हा तपासायला लावल्या. शेवटी कोणती बटणं तपासली हे लोकांना बरोबर आठवत होतं. पण आठवणीतलं चित्र फिकट झालं होतं आणि ‘मला नक्की आठवतंय’ असं म्हणायचं बळ कमी झालं होतं. पुढे खऱ्या स्वयंपाकघरातल्या शेगडीवरही असंच दिसून आलं. याचा अर्थ असा की भरवसा नाही म्हणून माणूस तपासतो, आणि तपासतो म्हणूनच भरवसा आणखी उडतो. निरोगी माणसाचंही असं होतं, तर रोज रात्री हेच करणाऱ्याचं काय होत असेल?

हे वाचल्यापासून मी प्रत्येक उत्तरामागे आणखी एक प्रश्न विचारू लागले: “किती खात्री आहे? अजिबात नाही, थोडी, बरीच की पूर्ण?” वेगळं यंत्र लागत नाही, वेळही फारसा जात नाही. त्या शेतकऱ्याची उत्तरं बरोबर होती आणि बहुतेक उत्तरांपुढे खात्री होती ‘थोडी’. त्यांच्या अहवालातली सगळ्यांत कामाची ओळ हीच होती. नुसते गुण लिहून दिले असते तर ‘सर्व ठीक’ असा कागद घेऊन ते घरी गेले असते आणि रात्री पुन्हा विजेरी घेऊन निघाले असते.

3. आकृती किती आठवली यापेक्षा ती कशी काढली ते पाहावं.

आंद्रे रे यांनी 1941 मध्ये तयार केलेली आणि ओस्टेरिएथ यांनी 1944 मध्ये गुण देण्याची पद्धत बसवलेली एक गुंतागुंतीची आकृती आहे. मोठा आयत, त्यात कर्ण, चौकटी, त्रिकोण, रेघा, ठिपके. भाग अठरा, गुण छत्तीस. आधी समोर ठेवून काढायची, मग ती झाकून आठवून काढायची. ओसीडीच्या रुग्णांना आठवून काढताना कमी गुण पडतात, म्हणून त्यांची दृश्यस्मृती कमजोर असं पूर्वी लिहिलं जाई. 1999 मध्ये कॅरी सॅव्हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा माग काढला. अडचण बरीचशी मुळात, बघून काढतानाच असते, असं त्यांना आढळलं. रुग्ण मोठा आयत आणि कर्ण हा सांगाडा आधी न धरता कुठल्या तरी कोपऱ्यातल्या बारीक रेघांपासून सुरू करतो. डोक्यात जे सुटं सुटं गेलं, ते सुटं सुटंच बाहेर येतं.

तंजावरच्या बायकांना हे समजावायला मला कोलम उपयोगी पडतं. पहाटे उंबऱ्यासमोर सडा घालून आधी ठिपके मांडायचे आणि मग त्यांच्याभोवतून रेघ फिरवायची. ठिपके बसले की केवढंही कोलम हातातून उतरतं. ठिपके न मांडता मधूनच रेघ सुरू केली तर रोज कोलम काढणारीही अडते.

एक अक्का आल्या होत्या. अंगणात मोठमोठी कोलमं काढणाऱ्या, हात सराईत. रेच्या आकृतीवर त्या खालच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीपासून सुरू झाल्या. चौकटीच्या चारही बाजू सारख्या लांबीच्या झाल्या का हे बोटानं मोजत राहिल्या, बाकीची आकृती कागदावर येईना. या चाचणीत खोडरबर देत नाहीत. ठराविक वेळानं रंगीत पेन बदलून देतात, म्हणजे कुठली रेघ आधी आणि कुठली नंतर हे रंगांवरून कळतं. त्यांचा पहिला रंग त्या चौकटीतच संपला. तासाभराने मी त्यांना साध्या कागदावर ठिपक्यांचं कोलम काढायला सांगितलं. एकदाही न थांबता, न मोजता त्यांनी ते काढलं. अक्कांना क्रमानं मांडता येत होतं. नवी गोष्ट समोर आली आणि चूक होण्याची भीती वाटली की तो क्रम मोडत होता. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना मी हे दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून दाखवले.

4. आजार किती तीव्र आहे, ते मोजायचं माप निराळं.

1989 मध्ये वेन गुडमन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेलं येल-ब्राउन मापक त्यासाठी आहे. प्रश्न दहा, पाच विचारांविषयी आणि पाच कृतींविषयी, एकूण गुण चाळीस. दिवसाचा किती वेळ जातो, किती त्रास होतो, थोपवायला जाता तेव्हा किती जमतं, असे हे प्रश्न. तीव्रता जास्त म्हणजे स्मरण वाईट, असं सरळ गणित मला कधी दिसलेलं नाही. तीस गुणांचा रुग्ण शब्द उत्तम आठवतो आणि अठरा गुणांचा अडखळतो, असंही होतं.

5. चाचणीची खोलीही आजाराच्या तावडीत सापडते.

ज्यांना विटाळाची, जंतूंची भीती असते त्यांना अनेकांच्या हाताळणीतले पत्ते हातात घेणं अवघड जातं. एका मामींनी पेन्सिल पदराच्या टोकात गुंडाळून घेतली आणि तशाच पकडीनं लिहू लागल्या. वेग मोजायची चाचणी होती. त्या आकड्याला अर्थ काय? ज्यांच्या घरी सोवळंओवळं कडक असतं, तिथे हे आणखी सांभाळून पाहावं लागतं. आमच्या तंजावरी मराठी घरांत काय किंवा तमिळ अय्यर-अय्यंगार घरांत काय, देवघरात शिरण्यापूर्वीचं सोवळं, म्हणजेच ‘मडी’, हा आचार आहे. तो पाळणाऱ्याला शांत वाटतं आणि तो कुठेतरी संपतो. आजारातलं धुणं संपत नाही आणि शांतही करत नाही. कुटुंबाला हा फरक बहुधा आपोआप कळतो. “आमच्या आजीचं सोवळं असं नव्हतं हो,” असं त्यांच्यातलंच कुणीतरी सांगतं.

याहून कठीण असतं ते ‘बरोबर आहे ना?’ या प्रश्नाचं उत्तर न देणं. रुग्ण दर उत्तरानंतर विचारतो. ‘हो’ म्हटलं की त्याला क्षणभर बरं वाटतं आणि पुढच्या उत्तराला तो दुप्पट जोरानं विचारतो. म्हणून मी सुरुवातीलाच सांगून ठेवते: “मध्ये मी बरोबर-चूक सांगणार नाही, सगळ्यांना हाच नियम आहे.” ते किती वेळा विचारतात याची मात्र कागदाच्या कडेला खूण करत जाते. डॉक्टरांना ती खूण गुणांइतकीच बोलकी वाटते.

6. नियम बदलल्यावर माणूस काय करतो, तिथे खरं बघावं.

विस्कॉन्सिन पत्त्यांच्या चाचणीत पत्ते रंगावरून लावायचे की आकारावरून की संख्येवरून, हे सांगितलेलं नसतं. ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ एवढंच कळतं. नियम ध्यानात आला की काही वेळानं तो न सांगता बदलतो. आपल्यातले बहुतेकजण दोन-तीन चुका करून नव्या नियमावर येतात. ओसीडीचे काही रुग्ण जुन्याच नियमाला धरून राहतात. नवा नियम त्यांना दिसत नाही असं नाही. “आता आकारावरून आहे वाटतं,” असं तोंडानं म्हणत रंगावरून पत्ता लावणारा तरुण मी पाहिला आहे. कळणं आणि वळणं यांच्यामधल्या जागेत हा आजार बसलेला असतो.

बंगळूरच्या निम्हान्समध्ये जनार्दन रेड्डी आणि सहकाऱ्यांनी यावर बरंच काम केलं आहे. लक्षणं ओसरलेल्या रुग्णांतही अशा काही उणिवा शिल्लक राहतात, असं त्यांच्या गटाला 2008 मध्ये दिसलं. 2009 च्या अभ्यासात त्यांनी रुग्णांच्या, स्वतः आजार नसलेल्या भावंडांना तपासलं. त्यांच्यातही निर्णय घेण्याच्या आणि वळण बदलण्याच्या चाचण्यांत फरक आढळला. म्हणजे ही मेंदूची एक घडण असू शकते आणि ती घराण्यात चालत येत असावी. आईबापांच्या संस्काराला किंवा रुग्णाच्या इच्छाशक्तीला दोष देणाऱ्या नातेवाइकांना मी हे आवर्जून सांगते. ते ऐकून कित्येक आयांच्या खांद्यावरचं ओझं उतरताना पाहिलं आहे.

7. माप कुणावर बेतलं होतं, ते आधी विचारावं.

निम्हान्सच्या 2004 च्या चाचणीसंचात वय, शिक्षण आणि स्त्री-पुरुष यांनुसार वेगवेगळे तक्ते दिलेले आहेत, निरक्षरांसाठीही. आपल्या देशात ही फार मोठी सोय आहे. परदेशी, कॉलेज शिकलेल्या लोकांवरून काढलेली सरासरी ओरत्तनाडुच्या शेतमजूर बाईला लावणं हा अन्याय आहे आणि तो होऊ देऊ नये. पेन्सिल हातात धरायची सवय नसलेल्या माणसाची आकृती वाकडी येते, त्यात मेंदूचा दोष नसतो.

भाषेचं आणखी सांभाळावं. इथल्या मराठी घरांत, ज्यांना तमिळ शेजारी ‘रायर’ म्हणतात त्यांच्यात, घरची बोली मराठी, शाळा तमिळमधून आणि नोकरी इंग्रजीतून असा प्रकार असतो. त्यांची मराठी पुण्याच्या मराठीपेक्षा वेगळी आहे. पुण्यात बेतलेली शब्दयादी त्यांच्यापुढे ठेवली तर काही शब्द परकेच वाटतात. मी आधी विचारते: पाढे कोणत्या भाषेत म्हणता? रागावता कोणत्या भाषेत? बहुतेकांचे पाढे तमिळमध्ये असतात आणि राग मराठीत. आकड्यांची चाचणी पाढ्यांच्या भाषेत घ्यावी. शब्दांची कोणत्या भाषेत घ्यायची ते रुग्णाला ठरवू द्यावं आणि अहवालात तसं लिहावं. तंजावरी मराठीसाठी स्वतंत्र तक्ते व्हावेत अशी माझी फार इच्छा आहे. तंजावरच्या आणि महाराष्ट्राच्या विद्यापीठांनी मिळून केलं तर हे काम होण्यासारखं आहे.

8. औषधं, झोप आणि उदासी यांची आधी चौकशी करावी.

क्लोनाझेपामसारखी शामक औषधं स्मरणावर परिणाम करतात. क्लोमिप्रामिन या जुन्या, गुणकारी औषधानंही काहींना जड वाटतं. रात्रभर तपासण्यात जागलेला माणूस सकाळी लक्ष देऊ शकत नाही. ओसीडीसोबत उदासी असली तर विचारांचा वेग मंदावतो. हे बाजूला न काढता सगळं ओसीडीच्या नावावर टाकलं तर निष्कर्ष चुकतो. पुन्हा चाचणी घ्यायची झाल्यास तीच यादी वापरू नये, समांतर यादी घ्यावी. नाहीतर ओळखीची यादी जास्त आठवते आणि औषधाला फुकटचं श्रेय जातं.

9. सरासरीतली उणीव समोरच्या माणसावर लादू नये.

2013 मध्ये अब्रामोविच आणि सहकाऱ्यांनी 115 अभ्यास एकत्र करून पाहिले. ओसीडीचे रुग्ण अनेक चाचण्यांत निरोगी माणसांपेक्षा मागे पडतात, पण तो फरक मध्यम आहे आणि रोजच्या व्यवहारात त्याचा अर्थ किती हे शंकास्पद आहे, असं त्यांनी मांडलं. म्हणजे समोर बसलेल्या रुग्णाची स्मृती अगदी उत्तम असू शकते. ‘ओसीडी आहे म्हणजे डोकं चालत नाही’ असं म्हणून कुणाची नोकरी थांबवली, कुणाचं लग्न मोडलं, असं माझ्या पाहण्यात आलं आहे. विज्ञानात याला काही आधार नाही.

उलट बाजूही सांगते. गुण चांगले आले म्हणून आजार हलका ठरत नाही. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी भारतात ‘आयडियाज’ नावाचं मापक वापरतात. त्यात स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद आणि काम ही क्षेत्रं तपासतात, आणि ओसीडीही त्यात येतो. पंधरापैकी चौदा शब्द आठवणारी बाई दिवसाचे सहा तास नळाखाली असेल, तर तिला मदत मिळायलाच हवी.

10. घरच्यांना अहवाल समजेल अशा शब्दांत सांगावा, आणि रुग्णाला आधी.

त्या शेतकऱ्यांना मी म्हणाले, “तुमची आठवण चांगली आहे. तिच्यावर तुमचा विश्वास उडालाय, आणि जितक्या वेळा तुम्ही बांधावर जाता तितका तो आणखी उडतो.” ते बराच वेळ गप्प बसले, मग बायकोला म्हणाले, “अप्पांसारखं नाहीये म्हणे.” वडिलांसारखं आपणही सगळं विसरून जाणार, ही भीती त्यांच्या मनात होती. ती कुणी विचारलीच नव्हती.

पुढचं काम डॉक्टरांचं आणि थेरपिस्टचं. एसएसआरआय गटातली औषधं आणि भीतीला सामोरं जाऊनही कृती न करण्याचा सराव, हे या आजारावरचे भरवशाचे उपचार आहेत. माझ्या चाचणीचा उपयोग एवढाच की ‘लक्षात ठेवायला शिका’ म्हणून डायऱ्या आणि फोनमधले फोटो हातात देण्याची घाई कुणी करू नये. बटण बंद केल्याचा फोटो काढून ठेवा, असा सल्ला बरेचजण प्रेमानं देतात. मग रुग्ण फोटो तपासत बसतो.

घरात कुणी पुन्हा पुन्हा कुलूप, गॅस, नळ तपासत असेल, हात धूत असेल किंवा एकच प्रश्न विचारत असेल, तर त्याला विसराळू म्हणू नका, वेडा तर मुळीच म्हणू नका. ‘हो, बंद केलंय’ हे पुन्हा पुन्हा सांगून त्याचा आजार पोसूही नका. तो बरा होऊ शकतो, मात्र मनोविकारतज्ज्ञाकडे न्यायला उशीर करू नका. जवळ कुणी नसेल तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक आहे. तिथे रात्रंदिवस, विनामूल्य, मराठीतही आणि तमिळमध्येही बोलता येतं.